माझा आवडता चित्रपट : ‘किताब’



‘माझा आवडता चित्रपट’ हा निबंध आपण मुलांना दरवर्षी देतो. या वर्षी चौथीच्या वर्गाला दिला तेव्हा एका मुलीने विचारलं, “सर, तुमचा कोणता?” मी पटकन म्हणालो, “किताब.” सगळी पोरं हसली. सरांना सिनेमासुद्धा पुस्तकाचाच आवडतो, असं त्यांना वाटलं. मग मी सांगितलं की त्या सिनेमातला मुलगा पुस्तकापासून पळून जातो. तेव्हा मात्र सगळे कान टवकारून बसले.

मुलांना निबंध द्यायचा आणि आपण लिहायचा नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून आज मीही लिहितो. पण हा निबंध ‘मला हा चित्रपट खूप आवडतो’ एवढ्यावर संपणारा नाही. या सिनेमाने मला दोनदा शिकवलं. एकदा मी मुलगा होतो तेव्हा आणि एकदा मी मास्तर झाल्यावर. दुसऱ्या वेळचा धडा जरा महागात पडला. तो तुम्हाला सांगावा असं बरेच दिवस मनात होतं.

आधी चित्रपटाची थोडी ओळख करून देतो. ‘किताब’ हा गुलजार यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट १९७७ साली आला. मूळ कथा बंगाली लेखक समरेश बसू यांची. १९७७ म्हणजे ‘अमर अकबर अँथनी’चं साल. त्या गर्दीत मारामारी नसलेल्या, नायक म्हणून एक लहान मुलगा असलेल्या सिनेमाकडे कोण बघणार? आजही गुलजारांचं नाव निघालं की लोक ‘आंधी’, ‘परिचय’, ‘कोशिश’, ‘मौसम’ अशी नावं घेतात. ‘किताब’चं नाव फार कमी जणांच्या तोंडी येतं.

यात बाबलाचं काम मास्टर राजूने केलं आहे. हाच मुलगा ‘परिचय’मध्येही होता, आणि ‘चितचोर’साठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. बंगाली सिनेमाचे मोठे नट उत्तमकुमार त्याचे दाजी झाले आहेत, विद्या सिन्हा ताई आणि दीना पाठक आई. आपले डॉ. श्रीराम लागूही यात आहेत. संगीत राहुलदेव बर्मन यांचं.

गोष्ट साधी आहे. बाबलाची आई गावाकडे राहते. शिक्षणासाठी म्हणून त्याला शहरात ताईच्या घरी ठेवलेलं असतं. शाळेत त्याला एक जिवलग दोस्त मिळतो, तोही त्याच्यासारखाच खोडकर. वर्गात दोघांचं लक्ष लागत नाही. रस्त्यावर खेळ करणारे, मिठाई बनवणारा हलवाई, असं काहीबाही बघत ते रमतात. शाळेतून तक्रारी येतात. दाजी रागावतात. मग एक दिवस बाबला घर सोडतो आणि आईकडे जाण्यासाठी विनातिकीट रेल्वेत बसतो. तिकीट तपासनीस त्याला मधल्याच स्टेशनवर उतरवतो. तिथून पुढे ते लहानसं पोर एकटं जगाच्या रस्त्याला लागतं. शेवटी तो आईपाशी पोहोचतो आणि पुन्हा शाळेत जायला तयार होतो.

आता माझं सांगतो. हा सिनेमा मी पाहिला तेव्हा पाचवीत होतो. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. म्हणून मला तालुक्याला मामाच्या घरी ठेवलेलं. एका सुट्टीच्या दुपारी दूरदर्शनवर ‘किताब’ लागला. मामाचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, अँटेना हलला की मुंग्या यायच्या. घरातली मोठी माणसं दुपारची आडवी झाली होती. मी एकटाच टीव्हीसमोर बसलो होतो.

खरं सांगतो, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मला वाटलं की हा सिनेमा माझ्यावरच काढलाय. माझी मामी वाईट नव्हती. आपल्या पोरांच्या आधी मला वाढायची. मामानेही कधी हात उगारला नाही. तरीही रोज संध्याकाळी पाच वाजले की माझा जीव एसटी स्टँडकडे ओढायचा. आमच्या गावाची मुक्कामी गाडी साडेपाचला सुटायची. तिचा हॉर्न घरापर्यंत ऐकू यायचा आणि तो ऐकला की मला जेवण जात नसे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? कुणी मारलं असतं तर तक्रार करता आली असती. सगळे चांगले वागत असताना रडू येतं, हे कसं सांगायचं?

‘किताब’मध्ये नेमकं हेच आहे. या सिनेमात खलनायक नाही. ताईचा भावावर जीव आहे. दाजी सरळ माणूस आहे. नवरा-बायकोचे आपले रुसवेफुगवे आहेत, आपल्या अडचणी आहेत. मोठी माणसं आपापल्या व्यापात असतात आणि त्यांच्या मधोमध एक पोरगं एकटं पडत जातं. एवढंच. वाईट कोणीच नाही, तरी मूल घरातून निघून जातं. मुलांसाठी म्हणून काढलेल्या किती सिनेमांत असं असतं? बहुतेक ठिकाणी एक दुष्ट काका किंवा सावत्र आई आणून बसवतात, म्हणजे आपण तिच्यावर चिडायला मोकळे.

आणि ती म्हातारी! ज्यांनी सिनेमा पाहिला आहे ते हा प्रसंग विसरू शकत नाहीत. थंडीची रात्र असते. बाबलाजवळ पांघरूण नाही. एक गरीब म्हातारी पांघरूण घेऊन झोपलेली असते. हा हळूच तिच्या पांघरुणात शिरतो आणि तिला बिलगून झोपी जातो. सकाळ होते. म्हातारी काही उठत नाही. रात्रभर आपण कुणाला बिलगून झोपलो होतो, हे त्याला तेव्हा कळतं. मी त्या दुपारी टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच पाणी प्यालो. मामी झोपली होती. तिचा श्वास चालू आहे का, हे मी दारातूनच बघितलं. हसू नका, लहानपणी असंच असतं.

मला या सिनेमातली एकच गोष्ट पटली नव्हती. बाबला शेवटी शाळेत परत जायला तयार का होतो? आईपाशी पोहोचला होता ना? मग तिथेच राहायचं! मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी धुसफुसत होतो. पण मी काही पळून गेलो नाही. त्या म्हातारीची भीती होती हे एक कारण. दुसरं कारण असं की आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे, हे कळल्यावर साडेपाचचा हॉर्न जरा कमी जोरात वाजायला लागला.

या सिनेमातलं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. मास्तरांची चिठ्ठी आल्याचं, वर्गातली मुलं बाकं बडवत म्हणतात ते. ते पद्मिनी आणि शिवांगी कोल्हापुरे या बहिणींनी लहानपणी गायलेलं आहे. मधल्या सुट्टीत आम्हीही बाकं वाजवून ते म्हणायचो. मास्तरांची चिठ्ठी ही तेव्हा आमच्यासाठी गंमत होती.

मोठेपणी तशी चिठ्ठी मीच पाठवली. आता तो भाग.

माझी शाळा बीड जिल्ह्यात आहे. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या भागात कोपी टाकून राहायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते. म्हणून बरेच जण मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून जातात. आम्ही शिक्षकच घरोघर फिरून सांगतो, “लेकरांना नेऊ नका, शाळेत ठेवा.” स्थलांतर रोखलं की आपल्याला समाधान वाटतं. हजेरीचा आकडा चांगला दिसतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही. आई-वडील टोळीवर गेलेले, हा आजी-आजोबांजवळ. त्याला ठेवून घ्या म्हणून मीच घरी जाऊन सांगितलं होतं. दिवाळीनंतर त्याचं वर्गातलं लक्ष उडालं. खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचा. उसाच्या वाढ्यांचा ट्रॅक्टर गेला की उभाच राहायचा. मधल्या सुट्टीत गेला की परत यायचा नाही, फाट्यावर जाऊन बसायचा. वाचन मागे पडलं, गृहपाठ बंद झाला. मी समजावलं, रागावलो, पुढच्या बाकावर बसवलं. काही उपयोग होईना.

शेवटी मी एक चिठ्ठी लिहिली. वहीचा कागद फाडला आणि शाळेच्या भाषेत लिहिलं : आपला पाल्य वारंवार वर्गातून निघून जातो, अभ्यासात लक्ष देत नाही, वाचन अत्यंत कच्चे आहे, तरी आपण योग्य ती समज द्यावी. खाली सही केली आणि त्याच्याच हातात देऊन सांगितलं, “आजोबांना दे.”

आजोबांना लिहिता-वाचता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी ती चिठ्ठी नातवालाच वाचायला लावली. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? मी तरी काहीतरी दुसरंच वाचून दाखवलं असतं. या पोराने अडखळत अडखळत, होती तशी पूर्ण वाचली. ‘वाचन अत्यंत कच्चे आहे’ हेसुद्धा. मग आजोबांनी त्यांना येत होती तशी समज दिली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. मी हजेरीवर गैरहजर लावलं आणि शिकवायला लागलो. दुपारी त्याची आजी शाळेच्या दारात आली. “गुर्जी, पोरगं हितं हाय का?” एवढंच विचारलं तिने. सकाळपासून ते घरी नव्हतं.

पुढचे चार तास मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. आम्ही विहिरीसुद्धा बघून आलो. संध्याकाळी सरपंचांना फोन आला. मुलगा तालुक्याच्या एसटी स्टँडवर होता. कुणाच्या तरी टेम्पोत बसून तिथवर गेला होता आणि चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन विचारत होता, “कारखान्याला कोणती गाडी जाती?” कोणता कारखाना, कोणतं गाव, काही माहीत नव्हतं. त्याला फक्त ‘कारखाना’ एवढाच शब्द माहीत होता. खिडकीतल्या माणसाने त्याला बसवून घेतलं, चहा-बिस्किटं दिली आणि गावाचं नाव काढून घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मी आणि आजोबा मोटारसायकलवर त्याला आणायला गेलो. परत येताना तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, “सर, वारंवार म्हंजी काय?”

त्याने चिठ्ठी पूर्ण वाचली होती, पण तो शब्द त्याला कळला नव्हता. मार खाल्ला, दिवसभर उपाशी भटकला, आणि डोक्यात तो शब्द होता. मी म्हणालो, “पुन्हा पुन्हा.” आणि मला मामाच्या घरातला तो टीव्ही आठवला. बाबला आठवला. इतक्या वर्षांत मी स्वतःला कायम बाबला समजत आलो होतो. आवडता सिनेमा विचारला की ‘किताब’ सांगायचो, मुलांचं मन मला कळतं असं समजायचो. आणि सिनेमातलं जे काम मी प्रत्यक्षात केलं, ते चिठ्ठी पाठवणाऱ्या शाळेचं होतं.

शिक्षक मित्रांनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. मी छडी वापरत नाही याचा मला अभिमान होता. पण त्या दिवशी मी छडी कागदात गुंडाळून घरी पाठवली होती. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो. ‘मूल वर्गात लक्ष का देत नाही?’ या प्रश्नाचं दहा मार्कांचं उत्तर मला येत होतं. फक्त त्या मुलाला मी एकदाही विचारलं नव्हतं की बाबा रे, तू फाट्यावर जाऊन कुणाची वाट बघतोस?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुकादमाचा नंबर मिळवला आणि माझ्या मोबाइलवरून त्याच्या आईला फोन लावून दिला. मला वाटलं पोरगं रडेल. ते रडलं नाही. आईने विचारलं, “जेवलास का?” त्याने सांगितलं, “जेवलो.” मग त्याने विचारलं, “तू जेवलीस का?” एवढ्यावर फोन संपला. तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर फोन, असं ठरलं. कधी रेंज नसायची, कधी ती फडात असायची. पण बुधवार-शनिवार आहे हे त्याला माहीत होतं. फाट्यावर जाणं हळूहळू कमी झालं. एकदम बंद झालं असं खोटं सांगणार नाही. वाचनही काही जादूने सुधारलं नाही. वर्षाच्या शेवटी तो सावकाश पण न घाबरता वाचायला लागला, इतकं मात्र झालं.

त्याच वर्षी एका शनिवारी मी वर्गाला ‘किताब’ दाखवला. शाळेच्या टीव्हीला मोबाइल जोडला आणि दोन भागांत दाखवला. हिंदी सगळं समजत नव्हतं, मध्ये मध्ये थांबवून सांगावं लागलं. चिठ्ठीच्या गाण्याला पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली, मी थांबवलं नाही. म्हातारीच्या प्रसंगाला वर्ग एकदम चिडीचूप झाला. मी तो गाळणार होतो, पण गाळला नाही. आमच्या मुलांनी मरण पाहिलेलं असतं. त्यांना ते सांभाळून दाखवलेलं फार कमी वेळा पाहायला मिळतं.

सिनेमा संपल्यावर कुणी विचारलं, गाडीत तिकीट काढलं नाही तर खरंच उतरवतात का? कुणी विचारलं, त्या दोस्ताचं पुढे काय झालं? आमचा तो मुलगा मागे बसला होता. त्याने सगळ्यात शेवटी विचारलं, “सर, आईनं त्याला किती दिवस ठेवून घेतलं?”

मला उत्तर देता आलं नाही. पाचवीत असताना मला पडलेला प्रश्न जवळपास हाच होता. बाबला परत का जायला तयार होतो, हे मला आता थोडं थोडं समजतं. तो हरला म्हणून जात नाही. वाटेत त्याने बरंच पाहिलेलं असतं, शिवाय एकदा आईपर्यंत पोहोचता येतं हे त्याला कळलेलं असतं. ज्याला घरी जाता येतं तोच शाळेत टिकतो. ज्याचा घरचा रस्ताच बंद आहे, त्याने पुस्तकात डोकं कसं घालायचं? आपण स्थलांतर रोखतो, मूल शाळेत ठेवतो, ते योग्यच आहे, मी आजही घरोघर जाऊन तेच सांगतो. पण मूल ठेवून घेताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतलं, हे निदान आपल्याला माहीत असावं. आणि त्याचा थोडासा भाग तरी परत द्यावा, भले दोन मिनिटांच्या फोनच्या रूपात का होईना.

मी चिठ्ठी पाठवणं आता बंद केलं आहे, असं नाही. पाठवतो. पण आधी एकदा घरी जाऊन येतो. आणि लिहिलेली चिठ्ठी पहिल्यांदा मुलालाच वाचून दाखवतो. त्याच्यासमोर वाचायला जी वाक्यं जड जातात, ती मी खोडतो. बऱ्याचदा मग चिठ्ठीत फारसं काही उरतच नाही आणि ती पाठवावीही लागत नाही.

तर मुलांनो, असा हा माझा आवडता चित्रपट. तुम्ही निबंध लिहिताना चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, कलाकार आणि कथा तर लिहाच. पण तो तुम्हाला का आवडला, हे लिहिताना स्वतःचं काहीतरी खरं लिहा, भले ते थोडं लाजिरवाणं असलं तरी.

आणि शिक्षक मित्रांनो, ‘किताब’ मिळाला तर जरूर बघा. बघताना बाबलाकडे बघाच, पण शाळेकडेही बघा. मग सोमवारी वर्गात गेल्यावर खिडकीबाहेर बघणारं जे कुणी दिसेल, त्याच्या शेजारी दोन मिनिटं बसा आणि तेही कुठे बघतंय ते बघा.